पेटाऱ्याचं वय

शंभर वर्षं. त्यात एक दिवस कमी असला तरी वस्तू नुसती जुनी, भंगारवाल्याच्या हातगाडीवर जायच्या लायकीची. शंभर भरली की तीच वस्तू अँटिक. हा नियम मला दिघ्यांनी सांगितला, आमच्या घाटकोपरच्या खोलीत, आमच्या एकुलत्या एक खुर्चीवर बसून, आईने पुढे ठेवलेल्या चहाला हातही न लावता. आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "म्हणजे शंभराव्या वाढदिवसाला सकाळी उठून तिची किंमत वाढते होय?" दिघे हसले. गरिबाघरची बाई काहीतरी मजेशीर बोलली म्हणजे हसतात, तसं. मी तेव्हा अकरावीत होते, आणि मला आईचीच लाज वाटली. आज तो प्रसंग आठवला की वाटतं, त्या खोलीत त्या दुपारी एकच शहाणं वाक्य बोललं गेलं आणि ते तांदूळ निवडता निवडता.

दिघे अंधेरीला, नव्या इमारतीच्या तळमजल्यावर जुन्या वस्तू विकत. दुकान म्हटलेलं त्यांना खपत नसे, ते 'दालन' म्हणत. रेशमी झब्बा, खांद्यावर शबनम, बोलणं सावकाश आणि दर दोन वाक्यांनंतर 'आपली परंपरा'. मी पुढे एकदा त्यांच्या घरी गेले होते. सगळं घर सनमायकाचं. काचेच्या कपाटात प्लॅस्टिकची फुलं आणि जपानी बाहुली. परंपरा विकायची, घरात ठेवायची नाही, हे त्यांचं धोरण होतं.

ते आमच्याकडे आले ते माझ्या वडिलांसाठी. बाबा गिरणीच्या सुतारखात्यात होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो बाबा करत. केसाइतका फरक चालायचा नाही त्या कामात. मग गिरणी बंद पडली, आणि हा माणूस, ज्याच्या हाताला इंग्रजी मापं आणि देशी लाकूड दोन्ही सारखी कळत, तो आमच्या चाळीमागे पत्र्याखाली बसून लोकांचे पाट आणि पोळपाट करू लागला. वरून सांताक्रूझला उतरणारी विमानं इतकी खाली येत की रंध्याचा आवाज बुडून जाई. बाबा तेवढा वेळ हात थांबवायचे आणि विमान गेलं की पुन्हा सुरू. आईचं म्हणणं, विमानानेसुद्धा ह्यांना विचारून जावं अशी ह्यांची अपेक्षा असते. घरात सदैव भुसा. कुळथाच्या पिठीत भुसा, अंथरुणात भुसा, माझ्या वह्यांत भुसा. सुके बांगडे भाजले की त्यांचा वास आणि शिजत असलेल्या सरसाचा वास एकत्र होऊन असा काही दरवळ सुटे की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत.

दिघ्यांनी बाबांना आधी दुरुस्तीची कामं दिली. पाय मोडलेली खुर्ची, फळी गेलेलं कपाट. काम बघून त्यांच्या डोळ्यांत काय चमकलं ते मला आता कळतं. तीन-चार महिन्यांतच त्यांनी विचारलं, की पाडलेल्या घरांच्या सागवानी तुळया मिळाल्या तर त्यातून एखादा पेटारा उभा राहील का, जुन्या धर्तीचा? राहील, बाबा म्हणाले. "पण दिसायला जुना हवा हं, पांडुरंग." बाबांचं वय पन्नाशीला आलेलं आणि दिघे त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी ते त्यांना पांडुरंग म्हणत. पांडुरंगराव म्हणायला जीभ वळत नसावी. तीच जीभ गिऱ्हाइकांपुढे फ्रेंच शब्द अचूक उच्चारायची.

तर आमच्या पत्र्याखाली वस्तू म्हाताऱ्या होऊ लागल्या. कडक चहाचं पाणी लाकडाला पाजायचं. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजत घालून ते काळं पाणी सांध्यांत सोडायचं. पितळी बिजागऱ्या मीठ आणि चिंचेच्या कोळात माखून ओल्या मातीत पुरायच्या. सायकलच्या साखळीने कडा ठेचायच्या, पण सगळ्या नाहीत, जिथे हात लागतो तिथेच. किड्याची भोकं पाडायची ती तापल्या सुईने आणि तिरकी, कारण, बाबा म्हणत, किडो काय मोजपट्टी घेऊन जात नाय. आई हे सगळं बघून कपाळाला हात लावी. तिचं बालपण मालवणाकडे तांब्या-पितळेची भांडी राखेने घासण्यात गेलेलं. स्टीलचं पहिलं पातेलं घरात आलं तेव्हा तिने त्याला कुंकू लावलं होतं. "ज्यांनी जुन्याचो उटारेटो काढूक नाय, तेंका जुन्याचा कौतुक," असं ती म्हणे आणि पुरलेल्या बिजागऱ्यांवरून मुद्दाम पाय आपटत जाई.

बाबांना मात्र एक प्रश्न पडला होता, आणि तो त्यांनी दिघ्यांना सरळ विचारला. "साहेब, लाकूड दीडशे वर्षांचं. झाड त्याच्या आधीचं. हात माझा. मग वय कुणाचं धरायचं?" दिघे म्हणाले, "वय गिऱ्हाइकाच्या मनात असतं, पांडुरंग." ह्या वाक्यावर ते इतके खूष झाले की पुढे महिनाभर ते मी त्यांच्या तोंडून वेगवेगळ्या लोकांसमोर ऐकलं.

आणि माझं काय? मी काही बाजूला उभी राहून नाक मुरडत नव्हते. मी चिठ्ठ्या लिहीत होते. मराठी शाळेतून आलेली असूनही माझं इंग्रजी कॉलेजात नावाजलं गेलं होतं, त्यामुळे दिघ्यांनी मला वस्तूंच्या छोट्या चिठ्ठ्या लिहायला दिल्या. 'सर्का' हा शब्द मी तेव्हा शिकले. सर्का म्हणजे सुमारे. आणि सुमारेच्या आड काहीही लपतं. एका मोठ्या पेटाऱ्यासाठी मी लिहिलं की तो सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका कोकणी सरदाराच्या लेकीबरोबर गलबतातून सासरी आला, आणि वाटेत वादळ झालं तेव्हा सगळा ऐवज समुद्रात टाकला पण नवरीने पेटारा सोडला नाही. वादळ मी स्वतःहून घातलं. दिघ्यांनी पाठ थोपटली. मला झकास वाटलं, खोटं कशाला सांगू. बाबांनी त्या पेटाऱ्यावर अडीच महिने घालवले होते, मी त्या चिठ्ठीवर एक संध्याकाळ, आणि मला मनातून वाटत होतं की तो विकला गेला तो माझ्यामुळे.

तो घेतला होता जुहूला राहणाऱ्या एका परदेशी बाईने. नवरा कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब. वर्षभराने त्यांची बदली झाली आणि सामान बोटीने मायदेशी जायचं ठरलं. इथे पंचाईत झाली. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी. म्हणजे ज्या वयासाठी बाईने पेटारा घेतला, त्याच वयापायी तो इथेच राहणार. दिघे डगमगले नाहीत. सरकारी तज्ज्ञ येऊन वस्तू अँटिक नाही असा दाखला देतो, तो मिळवू म्हणाले. आणि जोडीला कारागिराचं प्रतिज्ञापत्र, की हा पेटारा मी स्वतः गेल्या वर्षी मुंबईत बनवला. बाईला त्यांनी काय सांगितलं असेल ते ओळखायला अक्कल लागत नाही. सगळी व्यवस्था केली आहे मॅडम, एक सुतार खोटी सही द्यायला तयार आहे.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की कागदावर त्यांचं नाव येणार आहे. गिरणीत सव्वीस वर्षांत त्यांनी केलेल्या एकाही नमुन्यावर त्यांचं नाव नव्हतं. हजेरीपत्रक सोडलं तर कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यांनी कॉलरचा शर्ट इस्त्री करून आणला, दाढी केली, आणि मला म्हणाले, "तू चल. इंग्लिश कागद आसा. वाचून सांग, मगे सही करतंय."

जुहूच्या त्या घरातून समुद्र दिसत होता, पण बाईने सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे पाठ करून पेटाऱ्याभोवती मांडल्या होत्या. पेटाऱ्यावर पितळी दिवे आणि एक मोठं चित्रांचं पुस्तक. दिघे आधीच आलेले. बाईंना हिंदी येत नव्हतं. तीन वर्षं मुंबईत काढून 'चलो' आणि 'बस' एवढे दोन शब्द त्यांनी मिळवले होते. मी इंग्रजी बोलते म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला पेटाऱ्याजवळ नेऊन त्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. कोकण नावाचा प्रदेश आहे, त्या म्हणाल्या, तुला माहीत असेल कदाचित. तिथली एक राजकन्या. गलबत. आणि मग वादळ. माझं वादळ, माझ्याच शब्दांत, फक्त आता त्यात दोन खलाशी बुडाले होते. ते मी लिहिलेले नव्हते, बाईंनी बुडवले होते. मी मान डोलावत ऐकलं. बाबा दाराशी चपला काढून उभे होते; त्यांना बस असं कुणी म्हटलं नाही.

मग सरकारी तज्ज्ञ आले. सुती बुशशर्ट, जाड चष्मा, बसने आलेला माणूस. त्यांनी दिवे आणि पुस्तक उचलायला लावलं, पेटारा उघडला आणि अर्धं अंग आत घालून चक्क वास घेतला. खिशातून भिंग काढून सांधे बघितले. एका भोकात गवताची काडी घालून बघितली आणि स्वतःशीच हसले. उठून गुडघे झटकत त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "तुमचं काम?"

"होय," बाबा म्हणाले.

"लाकूड जुनं आहे. पण सांधा फार सुंदर धरलाय हो. कुठे होतात?"

"गिरणीत. नमुन्यावर."

"तरीच," ते म्हणाले. मग बाईंकडे वळून इंग्रजीत, "नवीन आहे. साधारण एक वर्ष. अँटिक नाही." आणि कागदावर शिक्का मारून, सरबताला नको म्हणून गेले.

ते गेल्याबरोबर बाई टाळ्या वाजवत हसत सुटल्या. किती गंभीर चेहऱ्याने बोलला तो, म्हणाल्या, अगदी खरं वाटावं असं! दिघे मंद हसले. त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. एखाद्या माणसाने समोर येऊन, वास घेऊन, भिंगाने बघून खरं सांगावं आणि ऐकणाऱ्याने त्याला लाच खाल्लेला समजावं, ह्याहून मोठा अपमान मी पुढच्या आयुष्यात फारसा पाहिला नाही. आणि तोही फुकटचा.

मी बाबांना प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. मी, पांडुरंग अमुक अमुक, राहणार घाटकोपर, व्यवसाय सुतारकाम, हा पेटारा माझ्या हातांनी बनवला आहे. बाबांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग खाली बसून, पाटीवर अक्षर गिरवावं तशी सही केली. बाईंनी पेन परत घेतलं आणि मला म्हणाल्या, तुझ्या वडिलांना सांग, आमच्यासाठी एवढं खोटं बोलल्याबद्दल मी फार फार आभारी आहे.

मी सांगायला नको होतं, पण चेहरा नीट ठेवता आला नाही. बाबांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं.

बाबा पेटाऱ्याजवळ गेले. बाई "केअरफुल, केअरफुल" म्हणत पुढे आल्या. बाबांनी आतल्या डाव्या कोपऱ्यातली फळी अंगठ्याने दाबली, तळाची पट्टी बाजूला सरकवली, आणि एक चोरकप्पा अलगद बाहेर आला. दिघ्यांनाही तो माहीत नव्हता. मलाही नव्हता. त्यात बाबांनी गिरणीतल्या सवयीने ठेवलेला लाकडाचा एक तुकडा होता, सांधा आधी ज्यावर करून बघतात तो नमुना. ताजा, पिवळा.

"सांग तिका," बाबा मला म्हणाले. "खोटा नाय. मियाच केलंय ह्यो पेटारो. गेल्या वर्षी, चवतीच्या आधी. सांग."

बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी. बघा, बघा, दोनशे वर्षं ह्या कप्प्याला कुणाचा हात लागला नव्हता! आणि ह्या लोकांच्या रक्तातच असतं ते, ह्याच्या बोटांना आपोआप कळलं! त्यांनी माझ्याकडे वर पाहून विचारलं, "काय म्हणतो आहे तो?" त्यांच्या मागे दिघे उभे होते. त्यांनी मला डोळे वटारले नाहीत, खुणावलं नाही. नुसतं हसून बघत होते, आपल्या हुशार मुलीकडे बघावं तसं.

आणि मी म्हणाले, इंग्रजीत, स्वच्छ उच्चारांत, "ते म्हणतात, असं काम आता कुणालाच जमत नाही."

बाबांना इंग्रजी येत नव्हतं असं मी वर म्हटलेलं नाही. वाचता येत नव्हतं. सव्वीस वर्षं साहेबी मशिनांमध्ये काढलेल्या माणसाला 'नोबडी' आणि 'नाऊ' कळतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी फळी हातात घेऊन तिला बाक आहे हे लक्षात आल्यावर ते पाहत, तसं. मग चोरकप्पा आत सरकवून ते दाराशी गेले आणि चपला घालू लागले.

मी असं का केलं, याची उत्तरं मी आयुष्यभर गोळा केली आहेत. घर तेवढ्याच कामावर चालत होतं. दिघ्यांचं तोंड समोर होतं. बाईंनी विश्वास ठेवलाच नसता. ही सगळी उत्तरं खरी आहेत आणि मला त्यांचा तिटकारा आहे. खरी गोष्ट ही की त्या सुंदर खोलीत, त्या खुर्च्यांमध्ये, मला दोनशे वर्षांच्या पेटाऱ्याबद्दल अस्खलित इंग्रजी बोलणारी मुलगी व्हायचं होतं. तो बनवणाऱ्या सुताराची मुलगी व्हायचं नव्हतं. दिघे ठग होते, बाई मूर्ख होत्या. मी दोघांहून हलकी होते, कारण त्यांना तो माणूस माहीत नव्हता.

परत येताना बसमध्ये बाबांनी माझं तिकीट काढलं आणि मला खिडकी दिली. घरी आईने विचारलं, "झाली सही?" "झाली," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते पत्र्याखाली काहीतरी लहानसं करत बसले. दिघ्यांची अर्धवट खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. पाचव्या की सहाव्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा ते नव्हते. तोच इस्त्रीचा शर्ट खुंटीवरून गेलेला. रात्री जेवायच्या वेळेआधी परतले, हातपाय धुतले, आणि आईने केलेलं बोंबलाचं कालवण तिसऱ्यांदा मागून घेतलं. कुठे गेला होतात ते आईने विचारलं नाही, म्हणून मीही नाही.

उलगडा आठवड्याने झाला, दिघे टेम्पो घेऊन चाळीत आले तेव्हा. टेम्पोत पेटारा होता. त्यांचा रेशमी झब्बा घामाने अंगाला चिकटला होता आणि परंपरेचा एक शब्द तोंडात नव्हता. "वाट लावलीत तुम्ही माझी!" ते पत्र्याखाली उभे राहून ओरडले. बोलण्यातून कळत गेलं ते असं: बाबा जुहूला गेले होते, एकटेच. बरोबर एक लहान पेटी होती, वीतभर लांब. नवं कोरं सागवान, पांढरट, रंधा मारल्याचा वास येणारं. त्या मोठ्या पेटाऱ्याची हुबेहूब नक्कल, तीच वेलबुट्टी, तेच सांधे. बाबांनी ती मोठ्या पेटाऱ्यावर ठेवली, दोन्हींचा डावा कोपरा एकदम दाबला, आणि दोन्ही चोरकप्पे एकदम बाहेर आले. काही न बोलता ते चपला घालून निघून आले. दुभाषा लागलाच नाही.

बाईंना अखेर कळलं होतं. आणि कळल्यावर त्यांनी काय करावं? आठवड्यापूर्वी ज्याला हात लावताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तो पेटारा, तेच लाकूड, तेच सांधे, त्यांनी नोकरांकरवी जिन्याखाली काढून ठेवला आणि दिघ्यांना फोन केला की हा कचरा घेऊन जा. पेटाऱ्यात एका आठवड्यात काहीही बदललं नव्हतं. लहान पेटी त्यांच्या स्वयंपाकीणबाईला मिळाली. ती मनोरीची होती. जाताना दिघ्यांना तिने सांगितलं की त्यात मिरी आणि लवंगा छान राहतात.

"माझी अब्रू गेली," दिघे म्हणाले. "आणि तुमचं कामही गेलं, एवढं लक्षात ठेवा. काय मिळालं तुम्हाला, पांडुरंग?"

"पांडुरंगराव," आई आतून म्हणाली. ती कणीक मळत होती. "आणि खुर्ची घेऊन जावा जाताना. पाय लागतंत."

दिघे गेले. पुढे ते आणखी मोठे झाले, त्यांच्या दालनाच्या तीन शाखा निघाल्या; असल्या माणसांची वाट कधी लागत नाही, ते नुसते तसं ओरडतात. बाबा मुलुंडच्या एका शाळेत बाकं दुरुस्त करायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. परवा माझ्या लेकीच्या सोसायटीत गेले तर खालच्या हॉलमध्ये एक पाटा-वरवंटा काचेच्या पेटीत दिवा लावून ठेवलेला, आणि लेक म्हणाली, आई, तो शंभर वर्षांचा आहे. मी म्हटलं, वाटून बघितलंय का कुणी त्यावर? ती रागावली. रागावू दे.

पण दिघे गेले त्या संध्याकाळी बाबा पुन्हा कामाला बसले होते आणि मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या दिवसानंतर आम्ही दोघं धड बोललो नव्हतो. मी म्हणाले, "बाबा, एकटे कशाला गेलात? मला म्हणाला असतात तर मी आले असते. सांगितलं असतं तिला सगळं, खरं खरं."

विमान डोक्यावरून गेलं नाही, की काही नाही. तरी बाबांनी हात थांबवला.

"सांग म्हटलंय ना गो तुका," ते म्हणाले. "तेवाच म्हटलंय."